गाडी पोहोचल्याची वेळ

संसदेत त्यांना सन्माननीय सदस्य म्हणत, पण ते माईक चालू असेपर्यंतच. एरवी दारावरच्या शिपायापासून समोरच्या बाकांवरच्या दाढीवाल्या वकिलापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, सिस्टर. निवडून येण्याआधी एकोणीस वर्षं त्या खोऱ्यातल्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिका होत्या, आणि मतमोजणीने काही माणसाच्या सवयी बदलत नाहीत. सभागृहात कुणी खोकलं की सिस्टरांची मान आपोआप तिकडे वळायची. खोकला कोरडा की कफाचा, हे ठरेपर्यंत मग अर्थमंत्री बोलत असोत नाहीतर आणखी कुणी, त्यांचं लक्ष लागत नसे.

सिस्टर निवडून आल्या त्या तीन किलोमीटर रस्त्यासाठी. गाव खोऱ्याच्या तळाशी आणि डांबरी रस्ता वरच्या कड्यावरून जाणारा. रुग्णवाहिका मोठ्या दवाखान्यातून निघायची ती कड्यावरच्या फाट्यापर्यंत यायची. तिथून खाली पायवाट. चालक फाट्यावर गाडी उभी करून दोनदा लांब हॉर्न वाजवायचा, तो खाली गावभर ऐकू जायचा आणि लोक म्हणायचे, गाडी आली. मग उपकेंद्रातली लाकडी खुर्ची बाहेर निघायची. तिचे पाय अर्धे कापलेले, दोन्ही बाजूंना दोन दांडे घट्ट बांधलेले. आजाऱ्याला तीत बसवून कमरेला पट्टा बांधायचा आणि चार जणांनी दांडे खांद्यावर घ्यायचे. चढाला एक तास. आजारी माणूस अंगाने भरलेला असला तर सव्वा तास. पाऊस असला तर घड्याळ बघण्यात अर्थ नव्हता.

त्या निवडून आल्या त्याच वर्षी सरकारने एक योजना जाहीर केली. जिथे रुग्णवाहिका पोहोचायला तीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो, तिथे आधी रस्ता. सिस्टरांना वाटलं, आपण निवडून आलो नसतो तरी चाललं असतं. आपलं गाव यादीत पहिलं असणार. यादी निघाली तेव्हा त्यांनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. गावाचं नाव नव्हतं. योजनेचं काम सुरू व्हायला अडीच वर्षं होती आणि तोवर यादीत भर घालता येणार होती. तेव्हा प्रश्न विचारायचा, असं त्यांनी ठरवलं.

आता संसदेत प्रश्न विचारायचा म्हणजे हात वर करून उभं राहायचं, असं गावाला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर सिस्टरांनाही वाटत होतं. तसं काही नसतं. प्रश्न छापील नमुन्यात लिहून द्यायचा. सुरुवात ‘हे खरे आहे काय’ अशीच करायची. पुढे ‘असल्यास’, त्याच्या पुढे ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय’. सिस्टरांनी आपल्या गोल अक्षरात गावाचं नाव, फाटा, खुर्ची, सगळं लिहून दिलं. आठ दिवसांनी प्रश्न परत आला. शेरा होता, ‘स्थानिक स्वरूपाचा’. त्यांनी गावाचं नाव काढून ‘देशातील दुर्गम भागांत’ असं घातलं. शेरा आला, ‘फार व्यापक’. मग गावही घातलं आणि देशही घातला, तर शब्दमर्यादा ओलांडली. चौथ्या खेपेला खुर्ची काढून टाकली तेव्हा कुठे प्रश्न मंजूर झाला, आणि सोडतीत गेला. कारण प्रश्न शेकडो येतात आणि तोंडी उत्तरासाठी रोज वीसच घेतात, त्यासाठी चिठ्ठ्या निघतात.

सिस्टरांची चिठ्ठी दोन वर्षं कामी आली नाही. एकदा निघाली तर क्रमांक सतरा. तासाभरात सहा-सात प्रश्न होतात, सतरावा म्हणजे नसल्यासारखाच. मागितलं तर लेखी उत्तर मिळतं, पण सिस्टरांना ते मंत्र्यांच्या तोंडून हवं होतं. एकदा क्रमांक तीन आला, पण त्या दिवशी सभागृहात दुसऱ्याच कशावरून गोंधळ झाला आणि कामकाज बंद पडलं. सिस्टर रिकाम्या सभागृहात दहा मिनिटं बसून राहिल्या. गोंधळ घालणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे लोक पुढे होते, त्यामुळे चिडायचं कुणावर हेही कळेना. त्या तशाच चिडल्या.

‘‘अगं, तिथे जाऊन करतेस तरी काय तू?’’ नवरा फोनवर विचारायचा. त्यांची पिठाची गिरणी होती, आणि तीस वर्षं पट्ट्याच्या आवाजापेक्षा मोठ्याने बोलून बोलून त्यांना हळू बोलताच येत नसे. फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी गिरणीवाले स्वच्छ ऐकू यायचे.

‘‘वाट बघते,’’ सिस्टर म्हणायच्या.

‘‘ती इथेही बघता आली असती की. इथे निदान बसायला जागा ऐसपैस आहे.’’

शेवटी योजनेच्या मुदतीला पाच आठवडे उरलेले असताना चिठ्ठी निघाली, क्रमांक पाच. उत्तराची प्रत त्याच दिवशी सकाळी सदस्याकडे येते. सदस्य निवासातली सिस्टरांची खोली म्हणजे एक लोखंडी खाट, एक टेबल आणि दार उघडं राहू नये म्हणून कागदाची घडी खोचलेलं कपाट. साडेसातला दाराखालून पाकीट आत सरकलं. सिस्टरांनी चहा बाजूला ठेवून ते फोडलं.

‘(१) हे खरे नाही. सोबतच्या विवरणपत्रानुसार सदर गावी रुग्णवाहिका सरासरी बावीस मिनिटांत पोहोचते. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस मिनिटांत गाडी गावात? कुणी लिहिलं हे? कुठल्या शहाण्याने बसल्या जागी हा आकडा काढला? त्यांनी तावातावाने विवरणपत्र उलटलं. उपकेंद्राच्या नोंदवहीच्या पानांच्या झेरॉक्स होत्या. पहिला विचार त्यांच्या मनात आला तो असा, की अक्षर तरी बरं आहे. मग त्यांना ‘स’ची लांब शेपटी दिसली आणि त्या खाटेवर बसल्या.

अक्षर त्यांचंच होतं. पानापानावर सहीही त्यांचीच होती.

नोंदवहीत रकाने दोनच होते. ‘गाडी मागवल्याची वेळ’ आणि ‘गाडी पोहोचल्याची वेळ’. सिस्टर बाविसाव्या वर्षी नोकरीला लागल्या तेव्हा आधीच्या मोठ्या सिस्टरबाईंनी त्यांना शिकवलं होतं, ‘‘हॉर्न ऐकला की वेळ टाकायची. विसरायचं नाही. एकदा चढाला लागलं की कुणाला आठवत नाही.’’ त्यात सिस्टरांना कधी काही वावगं वाटलं नाही. हॉर्न वाजला म्हणजे गाडी आली, हे खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगायचं. दोन हॉर्न, मनगटावरचं घड्याळ, नोंदवही, मग खुर्ची. एकोणीस वर्षं त्यांचा हा क्रम कधी चुकला नाही. एकदा वरच्या कार्यालयातून त्यांना नीटनेटक्या नोंदींबद्दल कौतुकाचं पत्रही आलं होतं.

एका पानावर त्यांचं बोट थांबलं. तारीख त्यांना पाठ होती. मागवल्याची वेळ दुपारी एक पन्नास, पोहोचल्याची दोन दहा. ती त्यांची जाऊ होती. बाळंतपणानंतर रक्त थांबेना. दोन दहाला हॉर्न वाजला, सिस्टरांनी वेळ लिहिली आणि जावेला खुर्चीत बसवलं. दोन्ही दांड्यांच्या मधून त्या तिचा हात धरून चढत होत्या. तिसऱ्या वळणावर तो हात सैल पडला. मुलगी वाचली, आता आठवीत आहे. कागद मात्र सांगत होता की गाडी वीस मिनिटांत पोहोचली. सिस्टरांना स्वतःचा इतका राग आला, की तेवढा त्यांना कुठल्या मंत्र्याचाही कधी आला नव्हता.

अकराला तास सुरू झाला. पहिल्या प्रश्नाला मंत्र्यांनी चौदा मिनिटं घेतली. दुसऱ्यात बंदरांचं काहीतरी होतं आणि बंदरवाले सदस्य ऐकेनात. सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. काय बोलायचं ते त्यांनी मनात पक्कं केलं होतं. सही माझी आहे, पण ती वेळ हॉर्नची आहे, आजाऱ्याला गाडी मिळाल्याची नाही, त्या वेळेत एक तास मिळवा आणि मग सरासरी काढा. तीन वाक्यं. एका दमात होतील.

अकरा छप्पन्नला अध्यक्षांनी पुकारलं. सिस्टर उठल्या आणि नियमाप्रमाणे फक्त क्रमांक म्हणाल्या. आरोग्यमंत्र्यांनी उत्तर पटलावर ठेवलं असं म्हणून खाली बसायला हवं होतं. पण त्यांना आज मजा करायची होती.

‘‘अध्यक्ष महोदय,’’ ते म्हणाले, ‘‘सन्माननीय सदस्या म्हणतात गाडी पोहोचत नाही. माझ्याकडे अकराशे नोंदी आहेत, गाडी पोहोचते म्हणून. आणि या नोंदींखाली सही कुणाची, तर सन्माननीय सदस्यांची. आता मी विश्वास कुणावर ठेवू? सदस्यांवर, की सिस्टरांवर?’’

सभागृह हसलं. दोन्ही बाजू हसल्या, दाढीवाले वकीलसुद्धा. मंत्र्यांनी एक नोंद वाचून दाखवली, मग दुसरी. सिस्टर उभ्याच होत्या. अध्यक्षांनी हसू आवरत त्यांच्याकडे हात केला.

‘‘सही माझी आहे,’’ सिस्टर म्हणाल्या.

त्यावर पुन्हा हशा उसळला, बाकं वाजली. सिस्टर बोलत राहिल्या. हॉर्नचं सांगितलं, फाट्याचं सांगितलं, तासाचं सांगितलं. खुर्चीपर्यंत आल्या तेव्हा त्यांना दिसलं की समोरच्या माईकचा लाल दिवा कधीच विझला आहे. बारा वाजले होते आणि अध्यक्ष पुढच्या कामाचं नाव वाचत होते.

दुपारी त्या कामकाजाचं इतिवृत्त तयार करतात त्या दालनात गेल्या. छापलेल्या पानावर त्यांचं सगळं म्हणणं एका ओळीत होतं. ‘सही माझी आहे. (व्यत्यय)’.

‘‘याच्यापुढे मी बरंच बोलले,’’ सिस्टर म्हणाल्या.

लघुलेखिका त्यांच्याच वयाची होती, चष्मा गळ्यात अडकवलेली. ‘‘बोलला असाल, ताई. पण माईक बंद झाल्यावरचं आम्हाला घेता येत नाही.’’

‘‘एवढी एकच ओळ राहिली तर लोकांना काय वाटेल?’’

‘‘वाटेल ते वाटेल. लिहिताना मी अर्थ बघत नाही, ताई. बघायला लागले तर वेग जातो.’’

सिस्टरांना तिच्यावर चिडता येईना. एकोणीस वर्षं त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं? हॉर्न ऐकला, वेळ लिहिली.

शनिवारी त्या गावी गेल्या. तोवर वर्तमानपत्रातून बातमी खाली पोहोचलेली होती. फाट्यावर उतरून पायवाटेने खाली जाताना त्यांनी काय ऐकावं लागेल याची मनाशी तयारी केली. सिस्टर खोटं लिहायची, असं कुणी तोंडावर म्हणालं तरी ऐकून घ्यायचं. पण गिरणीसमोर जमलेल्या एकालाही तसं वाटत नव्हतं.

‘‘तुम्ही बरोबरच लिहिलंत,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘गाडी आली म्हणून लिहिलंत. आलीच होती की.’’

‘‘अहो, फाट्यावर आली होती. गावात नाही.’’

‘‘मग ती फाट्यावरच येते. आजवर गावात कधी आलीय?’’

‘‘तेच तर म्हणतेय मी.’’

‘‘मग त्यात खोटं काय?’’

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. मंत्र्याला समजावणं एक वेळ सोपं होतं. गिरणीवाल्यांनी पट्टा थांबवून सगळ्यांना ओरडून सांगितलं की आमच्या हिने आयुष्यात खाडाखोड केलेली नाही. ते प्रेमाने म्हणत होते, आणि सिस्टरांना रडू येत होतं.

दीर तेवढा दोरीचं वेटोळं घेऊन घरी निघून गेला. तो चौघांतला एक, खुर्चीचा पुढचा डावा दांडा कायम त्याच्या खांद्यावर असायचा, बायकोला नेली तेव्हाही होता. संध्याकाळी सिस्टर त्याच्या अंगणात गेल्या. तो खुर्चीच्या दांड्याला नवी दोरी आवळत होता. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की तिच्या दिवशीची वेळही मी दोन दहाच लिहिली आहे.

दीर दोरी ओढत राहिला. मग म्हणाला, ‘‘वहिनी, आम्ही वर पोचलो तेव्हा तीन पंचवीस झाले होते. मी चालकाच्या गाडीतलं घड्याळ बघितलं होतं. कागदावर काय लिहिलं असेल, असं कितीदा मनात आलं. तुम्हाला विचारलं नाही.’’

‘‘का नाही विचारलंस?’’

‘‘तुम्ही तिचा हात धरला होता,’’ तो म्हणाला. ‘‘कसं विचारणार?’’

सिस्टर ओट्यावर बसल्या आणि दोरीचं दुसरं टोक धरून त्यांनी त्याला गाठ मारू दिली. उठल्या तेव्हा पुढचा प्रश्न त्यांच्या डोक्यात तयार होता, आणि या वेळी त्याला एकही शेरा बसणार नव्हता.

सोमवारी त्यांनी तो टायपिस्टबाईंना सांगितला. तीन सदस्यांत मिळून एक अशा या टायपिस्टबाई, कुणाचं काय ऐकून कधी दचकल्या नव्हत्या. ‘‘हे खरे आहे काय की,’’ सिस्टर सांगू लागल्या, ‘‘सदर उपकेंद्रातील परिचारिकेने सलग एकोणीस वर्षे गाडी पोहोचल्याच्या वेळेच्या चुकीच्या नोंदी केल्या. असल्यास, त्या परिचारिकेची चौकशी करून नोंदी दुरुस्त करणार काय. असल्यास, देशातील अन्य किती उपकेंद्रांत अशाच नोंदी आहेत.’’

टायपिस्टबाईंची बोटं थांबली. ‘‘सिस्टर, ही परिचारिका म्हणजे...’’

‘‘नाव घालता येत नाही, नियम आहे. हुद्दा घाला.’’

‘‘चौकशी लागली तर? निवृत्तीचं सगळं अडकवतील.’’

‘‘अडकू दे. चौकशीला कुणी आलं तर त्याला फाट्यावरून चालत खाली यावं लागेल. मला तेवढंच हवंय.’’

नमुन्याच्या तळाशी एक ओळ छापलेली असते, वरील विधानाच्या खरेपणाची जबाबदारी सदस्यावर राहील. सिस्टरांनी तिच्याखाली सही केली. प्रश्न कक्षातल्या अधिकाऱ्याने नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. ‘‘स्वतःविरुद्ध विचारू नये असा नियम सापडत नाही,’’ तो नाराजीने म्हणाला आणि शिक्का मारला. चिठ्ठी निघाली, क्रमांक चौदा. म्हणजे तोंडी नाही, मागितलं तर लेखी उत्तर. चालेल, सिस्टर म्हणाल्या. लेखी तर लेखी. लेखी असलं की माईक लागत नाही.

अधिवेशन संपलं आणि त्या गावी आल्या. उत्तर टपालाने आलं तेव्हा योजनेच्या मुदतीला चार दिवस होते. सिस्टर उपकेंद्राच्या पायरीवर बसल्या होत्या. आत एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखत होतं. नव्या परिचारिकेने औषध दिलं होतं, गाडी मागवली होती. सिस्टरांनी दोनदा त्याची नाडी बघितली होती आणि आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी पाकीट फोडलं.

‘(१) हे खरे नाही. सदर परिचारिकेचा सेवाकाल निष्कलंक असून, अचूक नोंदींबद्दल तिला प्रशंसापत्र देण्यात आले आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

गिरणीवाले पीठ झटकत आले होते, त्यांनी खांद्यावरून वाचलं. ‘‘निष्कलंक,’’ ते मोठ्याने म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. ‘‘बघ. मी म्हणत नव्हतो?’’ मग त्यांनी बायकोकडे बघितलं आणि गप्प झाले. तीस वर्षांत ते पहिल्यांदाच असे एका शब्दावर थांबले असतील.

वर फाट्यावर हॉर्न वाजला, दोनदा, लांब.

‘‘गाडी आली,’’ अंगणातलं कुणीतरी म्हणालं. दीर आणि बाकीचे खुर्चीकडे धावले. नव्या परिचारिकेने मनगट वळवून घड्याळ बघितलं आणि नोंदवही ओढली.

‘‘नको लिहूस,’’ सिस्टर म्हणाल्या.

‘‘अहो, पण गाडी आली ना?’’

‘‘गाडी कुठे आली? आपण निघालोय.’’ त्यांनी नोंदवही तिच्या हातून घेतली, मिटली आणि काखेत मारली. ‘‘वर पोचलो की मी सांगेन, तेव्हा लिही. कार्यालयातून परत पाठवतील. पुन्हा तेच लिही.’’

म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून पट्टा बांधला. चौघांनी दांडे उचलले. सिस्टरांनी त्याचा हात धरला, बोटं नाडीवर ठेवली आणि चढाला लागल्या.